रेघ ओळखणारा

एर्मानो सुपेरिनाच्या पदरात त्या शनिवारी पडणार होतं ते मोजायला बोटंही लागत नव्हती. एक पेन. त्याबदल्यात द्यायचे होते सकाळचे तीन तास, जरासा पाडलेला चेहरा आणि एक लहानसं खोटं. सौदा वाईट नव्हता. कॉर्झो या हमरस्त्यावरच्या कॅफेत दर शनिवारी जुनी पेनं खिशात घालून येणाऱ्या पाच म्हाताऱ्यांचा एक न लिहिलेला नियम होता: आपल्यातला एक गेला की उरलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्या बायकोकडे जायचं, पेनं धुऊनपुसून लावून द्यायची, कोणतं कुणाला विकावं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि मोबदला म्हणून आपल्या पसंतीचं एक उचलायचं. किंमत विचारायची नाही, बायकोने ‘ते नको’ म्हणायचं नाही. जानेवारीत फेर्दो ब्लेचिच गेला. फेर्दो नुसता हौशी नव्हता, बंदरामागच्या गल्लीत त्याचं पेनदुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा त्याच्या घरी काय काय निघेल या विचाराने उरलेल्या चौघांचं दुःख थोडं घाईत उरकलं. त्यांतला बेपो फेर्दोच्या बायकोबद्दल म्हणाला, “मी जाऊन येऊ का मार्चेलाकडे?” एर्मानोने त्याच्या गुडघ्याकडे पाहून फार आपुलकीने विचारलं, “ब्याण्णव पायऱ्या झेपतील तुला?” मग एर्मानोच गेला. सहासष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, बंदराच्या गोदामातून मालनोंदीचा कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. ब्याण्णव पायऱ्या तो मोजत चढला, कारण न मोजता तो काहीच चढत नसे.

हवं होतं ते पेन त्याने एकोणीस वर्षं फक्त पाहिलं होतं. काळ्या रबराचं, अंगावर चांदीच्या वेलीची जाळी, आणि बूड फिरवलं की सोन्याची निब आतून हळूच वर यायची, बिळातून उंदराने नाक काढावं तशी. फेर्दो ते महिन्यातून एकदा कॅफेत आणायचा. “बघ, हातात घे, हुंग हवं तर. लिहायचं नाही.” का नाही, तर नाही. ट्रिएस्टचा एक व्यापारी त्याच्यासाठी दोनदा इथवर आला आणि दोनदा कॉफी पिऊन परत गेला. एर्मानोने अदलाबदलीत आपली तीन उत्तम पेनं पुढे केली होती, मग चार, मग एकदा सणाच्या दारूत पाच. फेर्दो हसायचा आणि विषय बदलायचा. त्या हसण्यात एर्मानोला नेहमी मालकाचा माज दिसे. आता मार्चेलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकशे अडतीस पेनं चार रांगांत मांडलेली होती आणि ते तिसऱ्या रांगेत, सातवं. मार्चेला समोर बसून ब्लित्वाच्या भाजीची पानं देठापासून तोडत होती. तिला पेनांतलं काही कळत नाही, हे ती स्वतःच तीस वर्षं सांगत आली होती.

“हे एक राहू दे बाजूला,” एर्मानो म्हणाला, शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात. “निबेला चीर दिसतेय. कुणी घेणार नाही. माझ्या मोबदल्यात हेच धरू. तुझं एक चांगलं पेन वाचेल.”

“चांगला आहेस रे तू, एर्मानो.” तिने मान वर केली नाही.

“एवढ्या वर्षांची मैत्री—”

“तर काय. एवढ्या ढिगातलं सगळ्यात फालतू नेमकं तुझ्याच वाट्याला. नशीबच तुझं.” एक पान तिने उजेडाकडे धरून पाहिलं, अळी आहे का म्हणून. “फेर्दो म्हणाला होता, ते समुद्रात टाकून दे. शेवटच्या आठवड्यात. दोनदा म्हणाला.”

“मग टाकलं नाहीस?”

“ब्याण्णव पायऱ्या उतरा, परत ब्याण्णव चढा. एका पेनासाठी? तुम्हा लोकांना शाई कमी आणि नखरे जास्त.”

तो हसला. उतरताना पायऱ्या मोजायच्या राहिल्या. हे त्याला खाली आल्यावर लक्षात आलं आणि आनंद म्हणतात तो हाच असेल असं वाटलं. बाहेर बुरा सुटला होता, डोंगरावरून खाली कोसळणारा तो कोरडा, सणसणीत वारा; बायका कोपऱ्यावर खांब धरून उभ्या होत्या. एर्मानो कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबून चालला. छातीत दुखणारा माणूस असाच चालतो, असं कुणी म्हणालं असतं.

घरी त्याने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. हे टेबल आईचं; ती जाऊन अकरा वर्षं झाली तरी तिच्या खुर्चीवर तो अजून बसत नसे, तिथे टोपी ठेवी. रबर पाण्यात राहिलं की तपकिरी पडतं, म्हणून त्याने पेन उभं धरून फक्त निबेचं टोक पेल्यात बुडवलं. काळं काही निघेल अशी अपेक्षा होती. फेर्दो आयुष्यभर काळ्या शाईशिवाय दुसऱ्या शाईला शिवला नव्हता, रंगीत शाईला तो ‘शाळामास्तरणींचं सरबत’ म्हणायचा. निबेखालून एक धागा सुटला. पाण्यात लोंबला, सैल झाला, पसरला. जांभळा. एर्मानोने तो पाहिला आणि त्याच्या मनात एवढंच आलं की अरे, फेर्दो आणि जांभळी? तीन पेले पाणी बदललं. मग निब टिपली, ड्रॉपरने आपली निळीकाळी भरली, बूड फिरवलं, निब वर आली. नवं पेन हाती आलं की तो पहिल्यांदा आपलं आडनाव लिही. आडनावाचं पहिलं अक्षर, रोमन एस, नागमोडी, त्यात वरची वाटी उजवीकडे उघडते आणि खालची डावीकडे, म्हणजे निबेची सगळी परीक्षा एका अक्षरात होते. उरलेली अक्षरं तो नुसता शिष्टाचार म्हणून लिहायचा.

निब मऊ होती, लोण्यासारखी. वरच्या वळणावर रेघ केसासारखी निघाली, मधल्या उतारावर दाब पडताच जाड झाली, आणि त्या जाड रेघेच्या मधोमध एक बारीक पांढरी भेग उघडली. तिरपी, वर अरुंद, खाली रुंद, बी उकलावं तशी. मग खालच्या वळणाशी शाई पुन्हा जुळली. एर्मानोने कागदाकडे पाहिलं. काही झालं नव्हतं. वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता, शेजारणीच्या घरी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा लाकडी आवाज येत होता, आणि कागदावर त्याच्या भावाची सही सुरू झाली होती. आडनाव दोघांचं एकच. त्या सहीतलं हे अक्षर त्याने एकेचाळीस वेळा पाहिलं होतं, हीच भेग, हाच तिरपेपणा, ‘दाब फार देतो, हट्टी आहे, लहानपणापासूनच’ असं आईला एकेचाळीस वेळा समजावलं होतं. पुन्हा लिहिलं. भेग. हलक्या हाताने लिहिलं. तीच भेग, बारीक. म्हणजे दाबाचा प्रश्न नव्हता, निबेचा होता. उजवं पातं डाव्यापेक्षा तसूभर आखूड असलं की असं होतं, हे तर कॅफेत बेपोलाही कळतं. बोटं गार पडली आणि कानांच्या पाळ्या मात्र तापल्या. हे दोन्ही एकदम कसं होतं याचं त्याला त्या क्षणीही कुतूहल वाटलं, आणि त्या कुतूहलाची लाज.

सिल्वानो त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. सत्तर साली शरदात मालबोटीवरून अर्जेंटिनाला गेला, रोसारियो नावाच्या गावी, ‘तिथे जमीन सपाट आहे, पायऱ्या नाहीत’ एवढं कारण सांगून. पत्रं टपालाने येत नसत. तेव्हा सरकारी माणसं टपाल फोडून वाचत, म्हणून खलाशी हातोहात आणत आणि फेर्दोच्या दुकानात टाकत, कारण खलाशांची पेनं तिथे दुरुस्तीला असत. पहिली दोन पत्रं बॉलपेनने लिहिलेली. दुसरं मे महिन्यातलं, वहीचा फाटका कागद: ‘काम सुटलं. छातीत दुखतं. इथे आता हिवाळा लागतोय. भाडं पाठव, एर्मानो, मी परत येतो, तू म्हणशील ते करीन.’ एर्मानोने ते आईला वाचून दाखवलं होतं, याच टेबलाशी. आईच्या डोळ्यांत तेव्हाच पडदे आले होते. वाचून घडी घातली आणि म्हणाला होता, “एक हिवाळा काढू दे त्याला. माणूस होईल. मग बघू.” भाडं त्याच्याकडे होतं. सहज होतं. त्याने नाही पाठवलं ते कंजूषपणाने नव्हे, हे त्याने स्वतःशी त्या काळी अनेकदा स्पष्ट केलं होतं. ते तत्त्वाने होतं. आणि मग ऑक्टोबरात तिसरं पत्र आलं. जाड कागद, जांभळी शाई, आणि रेघ! ‘आता बरं आहे. काही पाठवू नका.’ एर्मानो ते पत्र घेऊन खिडकीशी गेला होता, भिंग लावून उभा राहिला होता, आणि परत येऊन त्याने आईसमोर कागद नाचवला होता. “बघ! ही रेघ बघ, आई! सोन्याची निब आहे, मऊ, जुन्या घडणीची. असली निब उपाशी माणसाच्या हातात नसते. मी म्हटलं नव्हतं?” आई म्हणाली, “असेल बाबा. तुला कळतं त्यातलं.”

डब्यातून पत्रं काढून त्याने टेबलावर लावली, सकाळी पेनं लावली होती तशी रांगांत. एक गोष्ट सरळ होती आणि तिला तो चहूबाजूंनी धडका मारत होता. फेर्दोकडे हे पेन एकोणसत्तरपासून होतं, ट्रिएस्टच्या व्यापाऱ्याला त्याने तसं स्वतः सांगितलेलं, एर्मानोसमोर. शेवटचं पत्र सत्त्याऐंशीचं. मग पेन रोसारियोला कधी गेलं? एक पेन दोन ठिकाणी असत नाही, गोदामात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. चौथं पत्र उघडलं. तारीख फेब्रुवारी. ‘थंडी फार आहे, आई, रात्री दोन गोधड्या घेतो.’ फेब्रुवारीत! तिकडे फेब्रुवारीत कलिंगडं खातात, हे बंदरावरच्या कोणत्याही हमालाने सांगितलं असतं. तो स्वतः दक्षिणेकडून आलेल्या धान्याच्या पावत्या लिहीत होता, कापणीच्या तारखा लिहीत होता. हे वाक्य त्याने मोठ्याने वाचलं होतं. वाचताना बघत होता रेघ. पेनवेडा माणूस मजकूर वाचत नाही, असं मार्चेला एकदा कॅफेत सगळ्यांना म्हणाली होती आणि सगळे खूश होऊन हसले होते, आपली स्तुती झाली म्हणून.

संताप आला तेव्हा त्याला बरं वाटलं; पाय ठेवायला जागा मिळाली. फेर्दोने हे केलं होतं. एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला सोळा वर्षं खोटी पत्रं! मार्चेलाच्या पायऱ्या तो या वेळी तोंडाने काहीतरी बोलत चढला. ती दार उघडून उभी होती, जणू खालूनच पावलं ओळखली होती. टेबलावर ब्लित्वा आणि बटाटे शिजून तयार, दोन ताटं मांडलेली.

“लिहून पाहिलंस,” ती म्हणाली.

“त्याने माझ्या आईला फसवलं! तुझ्या नवऱ्याने! देवासारख्या बाईला—”

“आईला?” मार्चेलाने हातातला चमचा खाली ठेवला. “बस, स्योर एर्मानो.” स्योर, म्हणजे साहेब, ती फक्त वाण्याला म्हणायची, आणि तो मापात मारतो असं वाटलं तरच.

तो बसला.

“एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये मासळीबाजारात तुझ्या आईला एका बोटीवरचा आचारी भेटला, क्राल्येवित्साचा. त्याने सांगितलं. जुलैमध्ये गेला तुझा भाऊ. फुप्फुसं. बाजाराची पिशवी घेऊन ती तशीच फेर्दोच्या दुकानात आली, पिशवीत बांगडे होते, मला अजून वास आठवतो, कारण मी तिथेच होते. दोन पत्रं आणि त्याची शाळेची वही तिने आठवडाभराने आणून दिली. म्हणाली, असंच अक्षर काढता येईल का तुला? फेर्दोला येत होतं. गिऱ्हाइकाचं पेन तो गिऱ्हाइकाच्याच वळणाने तपासायचा.”

“मग ती... तिला माहीत...”

“सांगायची तीच, एर्मानो. दर चौथ्या-पाचव्या महिन्यात, गुरुवारी. फेर्दो लिहायचा, ती सांगायची. थंडीचं तिनेच सांगितलं होतं, त्या दोघांना कुठे ठाऊक तिकडचं ऊन. फेर्दोला नंतर कळलं तेव्हा तो आठवडाभर झोपला नाही, म्हणाला, आता एर्मानो पकडणार. तू काय केलंस? कॅफेत येऊन रेघेवर व्याख्यान दिलंस.”

एर्मानोला काहीतरी विचारायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. “पण मी तिला वाचून दाखवत होतो. तिच्यासाठी.”

“हो. ती म्हणायची, कसा छान वाचतो.”

आणि मग त्याला ऐकू आलं. पत्रांत गमती असायच्या, बहुतेक त्याच्यावरच: ‘एर्मानो अजून रविवारी बाह्या दोनदाच दुमडतो का, की निवृत्तीनंतर तिसरी घडी घालायचं ठरलंय?’ तो वाचायचा आणि आई हसायची. छान हसायची, तोंडावर पदर धरावा तसा हात धरून. आता ते हसणं त्याच्या कानात जिथे वाजलं ती जागा बरोबर नव्हती. ते गंमत येण्याच्या आधी होतं. अर्धी ओळ आधी. तो ‘एर्मानो अजून रविवारी’ एवढ्यावर असतानाच ती हसू लागायची, आणि तो मनात म्हणायचा, बिचारी, नुसत्या नावानेच खूश होते. सोळा वर्षं. एकदाही नाही? एकदा ती उशिरा हसली असेल म्हणून तो शोधू लागला. एक नाताळ, एक ईस्टर, आजारातलं एक. सगळीकडे ती आधीच पोचलेली होती आणि तिकडून त्याची वाट बघत होती. टेबलाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली.

“का?”

“आता मला विचारतोस. गोदामात एक पोतं कमी भरलं तर तीन दिवस तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, आठवतं? ती म्हणाली, एक गेला. दुसऱ्याला हे कळलं तर तोही हिशोब लावत बसेल आणि मरेल. भाडं कुणी पाठवलं नाही ते तिला ठाऊक होतं ना. तुला वाचवत होती ती. आणि तू?” मार्चेला हसली, पण ते हसणं वाईट नव्हतं, दमलेलं होतं. “तू सगळीकडे सांगत सुटलास की रेघेवरून भावाची भरभराट दिसते. मग फेर्दोला पेन बदलता येईना. दुसऱ्या निबेने लिहिलं तर तू ओळखणार. विकता येईना, कुणाला लिहू देता येईना. सगळ्यांत लाडकं पेन होतं ते त्याचं. त्याने त्यातून स्वतःचं नाव कधी काढलं नाही.”

आई गेली तेव्हा पत्रं थांबली. सांगणारं कुणी उरलं नाही. एर्मानोने त्याचा अर्थ लावला होता: दगड आहे, आईच्या मातीलाही दोन ओळी नाहीत, आता मीही लिहिणार नाही, आधी त्याने लिहावं. अकरा वर्षं तो रुसून होता. दर शनिवारी कॅफेत कुणी ना कुणी भावाचं विचारायचं आणि तो म्हणायचा, “मेला मला तो.” फेर्दो समोर बसलेला असायचा. एकदा, दोन वर्षांपूर्वी, बाकीचे उठल्यावर फेर्दोने त्याच्या बाहीला हात लावला होता: “एर्मानो, तुला एक सांगायचंय.” एर्मानोच्या डोक्यात तेव्हा चांदीची जाळी होती. तो घाईघाईने म्हणाला होता, “सहा देतो. सहा, त्यातली दोन जर्मन.” फेर्दोने हात काढून घेतला.

“तू का दिलंस मला ते?” त्याने विचारलं. “तो म्हणाला होता ना, समुद्रात टाक.”

मार्चेलाने त्याच्या ताटात बटाटे वाढले. तेल ओतलं. आपल्या ताटात वाढलं नाही.

“आम्ही एकाच जिन्यावर वाढलो, मी दुसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या. लग्नाआधी पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. हाक मारली की ऐकू यायचं. नंतर कशाला लिहील? एकेचाळीस पत्रं लिहिली माझ्या नवऱ्याने, त्या सुंदर पेनाने, त्या सुंदर अक्षरात. एक माझ्या नावाचं नाही. गुरुवारी मी बाजूला बसून मटार सोलायची आणि ऐकायची, कशी माया केलीय, कशी चेष्टा केलीय. तुझ्याशी. सकाळी तू आलास आणि निबेला चीर आहे म्हणालास ना, तेव्हा मला वाटलं, जाऊ दे. घेऊ दे. लिहिलं की कळेलच. याने एवढं तरी फुकट घेऊ नये.”

तो खायला लागला, कारण तिने वाढलं होतं. खिडकीबाहेर वाऱ्याने कुणाची तरी चादर दोरीवरून उडवून समोरच्या भिंतीला चिकटवली होती आणि ती तिथेच फडफडत होती, पडत नव्हती. सिल्वानो कसा दिसायचा ते त्याला आठवेना. चोवीस वर्षांचा, पण डोळ्यांपुढे येत होता तो सोळा वर्षांत त्याने पत्रांवरून मनात वाढवलेला सिल्वानो, थोडा सुटलेला, टक्कल पडू लागलेला, चांगल्या कोटातला, खिशाला सोन्याच्या निबेचं पेन. तो माणूस आईने आणि फेर्दोने गुरुवारी बसून घडवला होता. खरा चोवीसचाच राहिला होता, वहीच्या फाटक्या कागदावर, बॉलपेनच्या एकसारख्या, जाड ना बारीक रेघेत. त्या रेघेकडे एर्मानोने दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, कारण तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

“कुठे आहे तो?” त्याने विचारलं.

“रोसारियोतच. दफनभूमीत जागा आहे, नंबर फेर्दोने लिहून ठेवलाय. भाड्याची जागा असते तिकडे. नऊ वर्षांची. नाही भरलं तर हाडं काढून एकत्र टाकतात.”

एर्मानो उठलाच. खुर्ची मागे पडली. हात कोटाच्या आतल्या खिशात गेला होता, आणि कित्येक तासांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काय करायचं ते कळल्याची खूण होती. “किती? कधी भरायचं? मी भरतो. आजच पाठवतो, सोमवारी बँक उघडली की लगेच. किती आहे ते सांग फक्त.”

“खाली बस.”

“मार्चेला, किती?”

“काही नाही,” ती म्हणाली. “एकाहत्तरला तुझ्या आईने भरलं, त्याच आचाऱ्याच्या हाती, शिवणाचे पैसे होते. ऐंशीलाही तिनेच. एकोणनव्वदला फेर्दोने. आणि या खेपेचं मी भरलं, मार्चमध्ये.”